पाठीशी वारा आणि पुढचे शीड
(राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतील शिक्षक आणि किनारपट्टीतील पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शाळांतील भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे यांचा धडा असतो. दुपारी जमीन तापते, समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहू लागतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट फिरतो, तो मतलई. ही व्याख्या मुलांना तोंडपाठ असते व परीक्षेत तिला गुणही मिळतात. परंतु किनाऱ्यावरच्या गावातील सातवी-आठवीच्या मुलाला होडीत बसवून, वारा मागून येत असताना पुढचे शीड लोंबकळत का पडते असे विचारले, तर तो बहुधा गप्प राहतो. ज्याच्या आजोबांनी शिडाच्या मचव्यावर उमेद काढली, त्याच्याही घरी आता यंत्राची होडी असते आणि शीड माळ्यावरच्या अडगळीत गेलेले असते. याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. यंत्राने मच्छीमाराचे कष्ट कमी केले, ही चांगलीच गोष्ट झाली. तथापि वाऱ्याशी होणारी हाताची ओळख त्याबरोबर सुटली, आणि ती पुन्हा करून देण्याचे काम आता छात्रसेनेच्या शिक्षकांकडे आले आहे.

या कामासाठी आपल्या देशात बराच काळ वापरात असलेली होडी म्हणजे ‘एंटरप्राइज’ होय. इंग्लंडमधील नौका-रचनाकार जॅक होल्ट यांनी ती १९५६ साली सिद्ध केली. प्लायवूडच्या तक्त्यांपासून हौशी माणसालाही घरच्या घरी बांधता यावी, हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे ऐन थंडीत, या जातीच्या दोन होड्यांनी रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडी ओलांडून दाखविली आणि होडीचे नाव झाले. लांबी १३ फूट ३ इंच, निळ्या रंगाची दोन शिडे आणि चालविणारी माणसे दोन. एक सुकाणूवर बसतो व मोठे शीड सांभाळतो. दुसरा, म्हणजे जोडीदार, पुढचे लहान शीड सांभाळतो आणि आपल्या वजनाने होडीचा तोल राखतो. १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा एंटरप्राइज होडीचे सुवर्णपदक कराचीच्या बैराम आणि गोश्पी आवारी या पती-पत्नींनी नेले. भारताच्या फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी त्याच स्पर्धेत फायरबॉल या होडीचे सुवर्ण जिंकले. दोन्ही होड्या दोन माणसांच्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढील विवेचनात त्याचा संबंध येणार आहे.

एंटरप्राइजच्या दोन्ही शिडांचे क्षेत्रफळ मिळून ११३ चौरस फूट भरते. त्यांपैकी सुमारे ८० मोठ्या शिडाचे व ३३ पुढच्या शिडाचे. या पुढच्या शिडाला ‘जिब’ म्हणतात. ते त्रिकोणी असते. एक कोपरा होडीच्या नाळेवर अडकविलेला, दुसरा डोलकाठीवर वर चढविलेला आणि तिसरा मोकळा. या मोकळ्या कोपऱ्याला दोन दोर बांधलेले असतात, एक डाव्या अंगाने व एक उजव्या अंगाने होडीत येणारा. इंग्रजीत या दोराचे नाव ‘शीट’ असल्यामुळे नवशिक्या मुलांचा शीड आणि शीट यांत हमखास घोटाळा होतो. म्हणून येथे त्याला ओढदोर म्हटले आहे.

जिब चढविताना होडीचे तोंड वाऱ्याकडे असले पाहिजे. ही पहिली अट आहे, आणि घाईत तीच मोडली जाते. तोंड आडवे असेल तर शीड अर्ध्यावर असतानाच वाऱ्याने भरते व होडी माणसे बसण्यापूर्वीच चालू लागते. प्रथम खालचा कोपरा नाळेवरच्या कडीत पक्का करावा. नंतर शिडाची पुढची कड हाताखालून वरपर्यंत चाचपीत न्यावी, म्हणजे पीळ राहिला असल्यास कळतो. पुढच्या तारेवर अडकविण्याच्या चिमट्या असतील तर त्या खालून वर क्रमाने लावाव्यात. चढविण्याचा दोर शिडाच्या शेंड्याला जोडण्यापूर्वी एकवार मान वर करून डोलकाठीकडे पाहावे. तो दोर तारेभोवती गुंडाळला गेला असेल, तर ते आता दिसते. पाण्यात गेल्यावर ते दिसून उपयोग नसतो. दोन्ही ओढदोर ज्याच्या त्याच्या अंगाच्या कडीतून ओवून टोकाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारावी, म्हणजे दोर निसटून जात नाही. शीड चढविताना मात्र हे ओढदोर अडकवून न ठेवता सैल सोडावेत.

मग शीड चढवून त्याची पुढची कड चांगली ताणावी. या कडेत पोलादी तार शिवलेली असते. ती ताणली की डोलकाठीला पुढून आधार देण्याचे काम तीच करू लागते आणि नाळेवरून येणारी मूळची तार किंचित सैल पडते. तसे झाले म्हणजे ताण पुरेसा आहे असे समजावे. कड लोंबत राहिली तर वाऱ्यावर चढताना होडी कधीच सरळ चालत नाही, आणि मुले बिचारी आपल्याला सुकाणू जमत नाही असे समजून खट्टू होतात.

आता मुख्य मुद्दा. वारा बाजूने किंवा पुढच्या अंगाने असतो तोवर दोन्ही शिडे एकमेकांना साह्य करतात. परंतु वारा नेमका पाठीमागून आला की मोठे शीड एका बाजूला पूर्ण उघडले जाते व पुढच्या शिडाला आपल्या आडोशात घेते. घरासमोर भिंत उभी राहिल्यावर अंगणातील वारा जसा बंद होतो, तसेच हे होय. जिब निर्जीव होते, लोंबते, कधी उगाच फडफडते. होडीचे जवळजवळ तीन-दशांश शीड त्या वेळी काहीच काम करीत नाही.

यावर खलाशांचा उपाय साधा आहे. मोठे शीड उजवीकडे उघडले असेल तर जिब डावीकडे घ्यावे. दोन्ही बाजूंना शिडे पसरली की होडी पंख उघडलेल्या पक्ष्यासारखी दिसते. इंग्रज खलाशी याला हंसाच्या पंखांची उपमा देतात. परंतु जिबला तेथे धरून ठेवणारे काही नसते. वारा जरा हलला किंवा लाटेने होडी डोलली की ते कोसळते. म्हणून एक हलकी काठी लागते. तिला ‘व्हिस्कर पोल’ असे नाव आहे. ती लाकडाची किंवा ॲल्युमिनियमच्या नळीची असते. तिच्या एका टोकाला शिडाच्या मोकळ्या कोपऱ्यातील कडीत बसणारा खिळा किंवा आकडा असतो आणि दुसऱ्या टोकाला डोलकाठीच्या पुढील कडीत अडकणारी चाप.

काठी लावण्याचा क्रम असा. सुकाणूवरच्याने होडी वाऱ्याच्या सरळ रेषेत आणून स्थिर धरावी. मधली फळी बरीचशी वर घ्यावी, सगळी नव्हे, थोडी पाण्यात राहू द्यावी. त्यामुळे होडी कमी डोलते. जोडीदाराने मोठ्या शिडाच्या विरुद्ध बाजूचा ओढदोर ओढून जिब त्या अंगाला आणावे, काठीचे बाहेरचे टोक शिडाच्या कडीत बसवावे, काठी बाहेर ढकलावी आणि शेवटी आतले टोक डोलकाठीला अडकवावे. आधी शीड, मग डोलकाठी. उलट केले तर काठीचे मोकळे टोक वाऱ्यावर नाचते व ते पकडण्यासाठी जोडीदाराला होडीबाहेर वाकावे लागते. नंतर ओढदोर असा ओढून बांधावा की शीड भरलेले राहील पण फार सपाट होणार नाही.

सरावलेल्या जोडीला हे काम काही क्षणांचे असते, आणि दृश्य इतके देखणे असते की शिबिराच्या अहवालात छायाचित्र हमखास याच क्षणाचे पडते. त्या छायाचित्राला हरकत नाही. हरकत आहे ती एवढीच की पुष्कळ ठिकाणी शिक्षण त्या छायाचित्राशीच थांबते. काठी लावायला शिकविले जाते; काढायला शिकविले जात नाही, ते जमेलच असे गृहीत धरले जाते. खरी अडचण तर तिथूनच सुरू होते.

मागून येणारा वारा माणसाला फसवितो. समजा, वारा १० नॉटचा आहे व होडी त्याच दिशेने ४ नॉटने चालली आहे. तर होडीतील माणसाला ६ नॉटचाच वारा जाणवतो. ऊन सुखावह वाटते, पाणी शांत भासते, मुले गाणी म्हणू लागतात. तीच होडी परत फिरून वाऱ्यावर चढू लागली की जाणवणारा वारा सुमारे १३ नॉटचा होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे शिडावरील जोर जवळजवळ साडेचार पट होतो. वाऱ्याने स्वतःमध्ये काही बदल केलेला नसतो. होडीने फक्त तोंड फिरवलेले असते. मुंबई बंदरात खारा वारा दुपारनंतर बहुधा वायव्येकडून येतो आणि जोरही धरतो. आग्नेयेकडे वाऱ्याबरोबर सुखाने गेलेल्या होडीला परतीचे प्रत्येक पाऊल त्याच वाढत्या वाऱ्याशी झगडून टाकावे लागते. त्यातच भरती-ओहोटीचा प्रवाह विरुद्ध आला तर संध्याकाळ होते. म्हणून शिकाऊ मुलांची पहिली फेरी वाऱ्याबरोबर कधीही काढू नये. आधी वाऱ्यावर चढावे, मग परतताना काठी लावावी.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. काठी नसते तेव्हा जिब एक सूचना देत असते. होडी नकळत जास्त वळून वारा मोठ्या शिडाच्या मागल्या कडेवर येऊ लागला, की आडोशातले जिब आपण होऊन दुसऱ्या बाजूला जाते. ‘आता मोठे शीड उलटेल’ असा तो इशारा असतो. त्यानंतरही सुकाणू सुधारले नाही, तर मोठे शीड त्याच्या खालच्या आडव्या काठीसह, म्हणजे बूमसह, एका झटक्यात होडीच्या या अंगाहून त्या अंगाला जाते. मधे कोणाचे डोके असेल तर त्याला त्याचा फटका बसतो. जिबला काठी लावली की ते एका जागी खिळते आणि हा इशारा बंद होतो. वेग थोडा वाढतो, पण पहारेकरी झोपतो. तेव्हा काठी लागल्यापासून ती निघेपर्यंत सुकाणूवरच्याने डोलकाठीच्या शेंड्यावरील वारा दाखविणाऱ्या पट्टीवरून नजर हलवू नये. मोठ्या शिडाची मागली कड थरथरू लागली की ताबडतोब होडी सावरावी. आणि जोडीदाराने, उभे राहायची वेळ आली तरी, मान बूमच्या खाली ठेवावी.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. काठी लावण्यासाठी पुढे कोण जाते? जोडीदार. पाण्यात पडण्याचा संभव कोणाचा अधिक? जोडीदाराचाच. तो पडला की होडीत एकटा सुकाणूवरचा उरतो, आणि पुष्कळदा असे असते की काठी कशी काढायची ते ज्याला ठाऊक आहे, तोच पाण्यात असतो. होडी ४ नॉटने चालली असेल तर एका मिनिटात ती सव्वाशे मीटर पुढे जाते. लाटांमध्ये सव्वाशे मीटरवरचे माणसाचे डोके शोधणे किती कठीण असते, ते समुद्रावरच्या लोकांना सांगावयास नको. घाबरलेला मुलगा सुकाणू फिरवून मागे वळू पाहतो. परंतु काठीने विरुद्ध बाजूला रोखलेले जिब वळताना उलट्या अंगाने वारा घेते, नाळेला मागे ढकलते आणि होडीला आडवी करते. होडी वळत तर नाहीच, कलंडण्याची शक्यता मात्र असते. आता पाण्यात दोघे.

म्हणून काठी लावण्याचा धडा देण्यापूर्वी ती काढण्याचा धडा द्यावा, आणि तो दोघांनाही द्यावा. क्रम अगदी निश्चित आहे. प्रथम ताणलेला ओढदोर सोडावा. काठी पुढच्या तारेकडे झुकते व शिडातील वारा गळून जातो. मग काठीचे आतले टोक डोलकाठीपासून सोडवावे. मग काठी मागे ओढून शिडाच्या कडीतून मोकळी करावी व होडीच्या तळाशी ठेवावी. त्यानंतरच वळावे. एकटा उरलेला सुकाणूवरचा असेल, तर त्याने सुकाणूच्या दांड्याला जोडलेली लांब पट्टी हातातून न सोडता डोलकाठीपर्यंत सरकले पाहिजे. हे एकदम जमत नाही. डोळे मिटून जमेपर्यंत त्याचा सराव हवा. आणि होडी कलंडलीच, तर ती सरळ करण्यापूर्वी पाण्यातच काठी सोडवावी; नाही तर उभी राहताच ती पुन्हा वारा भरून घेते.

हा सराव पाण्यावर करण्याची गरज नाही, हे शिक्षकांच्या सोयीचे आहे. पुळणीवर किंवा शाळेच्या मैदानात होडी तिच्या गाड्यावर ठेवावी, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला करावे, वारा मंद असताना शिडे चढवावीत आणि जोड्या पाडून काठी लावणे व काढणे आळीपाळीने करून घ्यावे. मग जोडीदाराला अचानक खाली उतरावयास सांगून दुसऱ्याला एकट्याने काठी काढावयास लावावे. प्रत्येक मुलगा दोन्ही जागी बसला पाहिजे. मुलींच्या तुकड्यांत हे काम नीटसपणे होते असा पुष्कळ शिक्षकांचा अनुभव आहे. पाण्यावर गेल्यानंतर जीवरक्षक जाकीट आणि सोबतीची यंत्रहोडी या दोन गोष्टींना पर्याय नाही. यंत्रहोडीत बसलेल्या शिक्षकाने काठी लागलेल्या होडीच्या पुढे नव्हे, तर मागे राहावे. पडलेला मुलगा मागे राहतो.

समुद्रापासून दूर असणाऱ्या जिल्ह्यांच्या सदस्यांना हा विषय परका वाटू नये. खडकवासल्याच्या जलाशयावर पीकॉक बे येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाची होडी चालविण्यास शिकतात. तेथून समुद्र कितीतरी दूर आहे. धरणाच्या पाण्यावर लाट लहान असली तरी डोंगरांच्या खिंडींतून येणारा वारा दिशा बदलतो, एकाएकी झोत येतो व पडतो. काठी लावलेल्या होडीला हा चंचल वारा समुद्राच्या एकसारख्या वाऱ्याहून अधिक धोक्याचा असतो. तेव्हा जलाशयावर वारा स्थिर असल्याची खात्री होईपर्यंत काठी होडीच्या तळाशीच राहू द्यावी. शर्यतीत चार हात मागे पडले तरी चालेल.

यंत्राच्या जमान्यात याचा उपयोग काय, असा प्रश्न पंचायतींच्या बैठकीत निघतो, आणि तो योग्यच आहे. पैसा लोकांचा असतो. त्याचे एक उत्तर मुंबईतच तयार झाले होते. कुलाब्याच्या कारखान्यात सागवानी लाकडाची ‘सुहैली’ नावाची ३२ फुटी नौका बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत तीवरून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले. वाटेत आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडली. पुढला अर्ध्या जगाचा प्रवास त्यांनी शिडांचा तोल एकमेकांविरुद्ध साधून, सुकाणूला बहुतांशी त्यांच्या स्वाधीन करून केला. पाठीच्या वाऱ्यात दोन शिडे दोन्ही अंगांना काठ्यांनी उघडून नौका स्वतःच्या मार्गावर राखण्याची युक्ती त्याही आधीची. फ्रान्सचे चित्रकार मारँ-मारी यांनी १९३३ मध्ये ‘विनिबेल’ या नौकेवरून अटलांटिक एकट्याने ओलांडला, तो याच तंत्राने.

आपल्याकडे गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगाची फेरी केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेवरून ती न थांबता केली. त्याच कारखान्यातील ‘तारिणी’वर लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोवा सोडले व २९ मे २०२५ रोजी त्या परतल्या. दोघीच. एक झोपली असता दुसरीला सगळी नौका एकटीने सांभाळावी लागे, म्हणजे प्रत्येकीला दोघींचेही काम येणे आवश्यक होते. तेरा फुटी होडीतील दोन मुलांची गोष्ट याहून वेगळी नाही.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी छात्रसेनेचे नौदल युनिट आहे. किनाऱ्यावरच्या इतर शाळांना त्यांच्याशी पत्रव्यवहार करून सुरुवात करता येईल. पंचायतींनी होडी ठेवण्यास सावलीची जागा आणि धुण्यास गोड्या पाण्याचा नळ एवढे दिले तरी पुष्कळ झाले. खाऱ्या पाण्याने होडीइतकेच तिच्या साहित्याचे नुकसान होते.

फेरी संपल्यावर होडीचे तोंड पुन्हा वाऱ्याकडे करून जिब उतरवावे. ते गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि घडी न घालता गुंडाळून ठेवावे, कारण पुढच्या कडेतील पोलादी तार मोडपली की पुन्हा सरळ होत नाही. काठीची दोन्ही टोके धुऊन, चाप उघडते व मिटते हे हाताने पाहून, ती तिच्या जागी अडकवावी. चाप गंजलेली असेल तर होडी दुसऱ्या दिवशी पाण्यात नेऊ नये.